बाकी तेवढी पाठवा: लॉसी कॉम्प्रेशनमध्ये साइड इन्फर्मेशन कशी वापरायची

काका बटाटा घेऊन बेळगावच्या मार्केट यार्डात गेले की दुपारी घरी फोन यायचा. एक रुपयाच्या नाण्यावर चालणारा डबा, त्यामुळं बोलणं मोजकं. आजोबा विचारायचे, "काय गा, किती?" पलीकडून एकच शब्द यायचा, "चाळीस." की फोन बंद.

चाळीस म्हणजे क्विंटलला १,८४०. हजार नाही सांगितले, शेकडा नाही सांगितला. आजोबांच्या कानावर सकाळीच शेजाऱ्याच्या मालाचा दर आलेला असायचा. कधी १,८२०, कधी १,८६०. नेमका कोणता, ते काकांना माहीत नसायचं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की आजोबांचा अंदाज पन्नास रुपयांनी काही चुकत नाही. तेवढ्यावर शेवटचे दोन आकडे पुरत. शिवाय माल खरं तर १,८३७ ला गेलेला असायचा. सदतीस कशाला सांगत बसा, चाळीस म्हटलं की झालं.

या एका शब्दात आजचा सगळा विषय आहे. १,८३७ चे १,८४० केले, तिथं थोडी माहिती मुद्दाम सोडली. ते लॉसी कॉम्प्रेशन. आजोबांच्या कानावर आलेला दर ही साइड इन्फर्मेशन. आणि शंभरानं भागून उरलेली बाकी तेवढी पाठवली, ती त्या माहितीचा फायदा घेण्याची रीत. पाठवणाऱ्याला पलीकडच्याकडची माहिती दिसत नव्हती, तरी तिचा फायदा झाला. मला या सगळ्यात सर्वांत गोड वाटणारी गोष्ट हीच.

खाली मी हीच रीत वापरून एक चालतं यंत्र उभं करतो. येळ्ळूरच्या बाजूला भाताच्या शेतात बॅटरीवर चालणारा तापमानाचा डबा, आणि वडगावात घराच्या गच्चीवर दुसरं तापमापक. गच्चीवर वीज आहे, इंटरनेट आहे, रेडिओचं गेटवे आहे. शेतातल्या डब्याला प्रत्येक बिट बॅटरीतून काढून द्यावा लागतो. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून गोल घेतले आहेत. तुमचे तुम्ही मोजायचे, आणि कसे मोजायचे तेच मुख्य आहे.

त्याआधी शब्दाचा एक घोळ मिटवू. 'साइड इन्फर्मेशन' दोन अर्थांनी वापरतात. एमपीथ्री फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमबरोबर साइड इन्फर्मेशन असते. एमपीईजी-१ च्या नियमानुसार मोनोला १७ बाइट, स्टीरिओला ३२. ती पाठवणारा स्वतः पाठवतो, पलीकडच्यानं बाकीचे बिट कसे वाचायचे हे सांगायला. जेपेगमधली क्वांटायझेशनची कोष्टकं त्याच जातीची. दुसरा अर्थ आपल्या आजोबांचा: पलीकडच्याकडे आधीपासून असलेली, कुणी न पाठवलेली माहिती. पहिल्या प्रकाराला बिट लागतात, दुसरा प्रकार बिट वाचवतो. एकाच शब्दामुळं परीक्षेत भलतंच उत्तर लिहून आलेली मुलं मी पाहिली आहेत. इथं सगळीकडे दुसरा अर्थ धरा.

हे चालतं तरी का

क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहिती मोजायचं शास्त्र उभं केलं, आणि १९५९ मध्ये, ठरावीक चूक चालणार असेल तर कमीत कमी किती बिट लागतात, याचा सिद्धान्त मांडला. १९७३ मध्ये स्लेपियन आणि वुल्फ यांनी दाखवलं की एकमेकांशी संबंध असलेल्या दोन स्रोतांची माहिती, एकमेकांकडे न बघता वेगवेगळी आवळली, तरी उलगडणारा एकच असेल तर एकूण बिट वाढत नाहीत. ते लॉसलेस होतं, म्हणजे काहीही न सोडता आवळणं. १९७६ मध्ये वायनर आणि झिव्ह यांनी तोच प्रश्न लॉसीसाठी सोडवला. हे झिव्ह म्हणजे झिप फाइलच्या मुळाशी असलेल्या लेंपेल-झिव्ह पद्धतीतले झिव्ह.

त्यांचं उत्तर थोडक्यात असं. मोजमाप गाउसियन असेल, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात विखुरलेलं, आणि चूक तिचा वर्ग करून मोजत असाल, तर साइड इन्फर्मेशन फक्त पलीकडच्याकडे असली काय आणि दोघांकडे असली काय, लागणारे बिट तेवढेच. शून्य-एकच्या स्रोतासाठी मात्र थोडा तोटा होतो. तो तोटा किती होऊ शकतो? वर्ग करून मोजलेल्या चुकीसाठी झमीर यांनी १९९६ मध्ये मर्यादा घातली: एका नोंदीमागे अर्ध्या बिटापेक्षा जास्त नाही.

आकड्यात बघू. शेतातलं तापमान दिवसरात्रीत साधारण ४ अंशांच्या प्रमाण विचलनानं हलतं असं धरा. गच्चीवरून बांधलेला अंदाज मात्र फक्त ०.६ अंशाच्या विचलनानं चुकतो. दोन्हींचं गुणोत्तर ६.६७, त्याचा दोनच्या पायावरचा लॉग २.७४. म्हणजे प्रत्येक नोंदीमागे पावणेतीन बिटांना गच्ची परस्पर भागवते. फायदा या गुणोत्तरातून येतो, दुसऱ्या कशातून नाही. गुणोत्तर दोन असेल तर एकच बिट वाचेल. एवढ्यासाठी कुणी ही खटपट करू नये.

पहिली पायरी: अंतर मोजा

इथं घाई केली की पुढचं सगळं फुकट. मी सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवतो.

दोन आठवडे दोन्ही ठिकाणची पूर्ण मापं घ्या, काहीही न आवळता. शेतातल्या डब्यात मेमरी कार्ड घाला आणि गावाकडं जाल तेव्हा काढून आणा. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवा आणि वजाबाकी करा.

पहिली गोष्ट दिसेल ती म्हणजे ठरावीक फरक. शेत थंड, गच्ची गरम. पण हा फरक दिवसभर सारखा नसतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि दिवेलागणीनंतरही बराच वेळ ऊब सोडत राहतो, शेत मात्र सूर्य कलला की निवायला लागतं. म्हणून एकच सरासरी फरक काढू नका. प्रत्येक तासाचा वेगळा फरक काढा, २४ आकड्यांचं कोष्टक करा. हे कोष्टक गच्चीकडच्या कॉम्प्युटरवर राहील. शेतातल्या डब्याला त्याचा पत्ताही लागायला नको.

तासाचा फरक वजा केल्यावर जे उरतं ते खरं अंतर. आता त्याचं विचलन काढा, पण तिथं थांबू नका. सगळी अंतरं मोठ्यापासून लहानाकडे लावा आणि वरची वीस डोळ्यांनी बघा. ती कधी आली, त्या वेळी काय चाललं होतं? एप्रिल-मेमध्ये मोजत असाल तर उत्तर बहुतेक एकच असेल: वळीव. वडगावात सडासडा पाऊस पडून गच्ची सहा अंशांनी उतरलेली, आणि येळ्ळूरच्या शिवारात टिपूस नाही. गाउसियनच्या सूत्राला वळीव माहीत नाही. तुमच्या कोडला तो माहीत असायला हवा.

दुसरी गोष्ट घड्याळाची. साधा क्वार्ट्झ क्रिस्टल दशलक्षात २० चुकतो असं धरलं तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला मिनिटभर. ते चालेल. पण मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर वेळ ठेवला आणि तो एक टक्का चुकला, तर दिवसाला चौदा मिनिटं. सकाळी ऊन चढताना चौदा मिनिटांत तापमान बरंच हलतं. तुम्ही सात वाजताचं शेत सव्वासातच्या गच्चीशी ताडून बघत बसाल आणि अंतर वाढलं म्हणून सेन्सरला शिव्या द्याल. क्रिस्टल घाला. दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे.

दुसरी पायरी: किती चूक चालेल ते ठरवा

डीएस१८बी२० हा सेन्सर सगळ्यांच्या हातातला. तो ०.०६२५ अंशापर्यंत आकडे देतो, पण कंपनीची हमी मात्र अधिक-उणे अर्ध्या अंशाची. मग चार दशांश स्थळं पाठवून आपण सेन्सरचा गोंगाटच पाठवत असतो. इथं अर्ध्या अंशाची पायरी पुरे, म्हणजे मापं अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या घरांत टाकायची. ८ ते ४० अंश एवढा पट्टा धरला तर ६४ घरं, म्हणजे नोंदीमागे ६ बिट. प्रत्येक घराचा मध्य धरला तर जास्तीत जास्त चूक पाव अंश.

तिसरी पायरी: कितीनं भागायचं

घरांना ० ते ६३ क्रमांक द्या. पूर्ण क्रमांक पाठवायचा नाही. त्याला ठरावीक संख्येनं भागायचं आणि बाकी पाठवायची. काकांनी शंभरानं भागलं होतं, आपण आठानं भागू. बाकी ० ते ७, म्हणजे ३ बिट.

आठच का? आठ घरं म्हणजे ४ अंश. एकच बाकी असलेली घरं एकमेकांपासून चार-चार अंशांवर पडतात. गच्चीचा अंदाज खऱ्या घराच्या मध्यापासून दोन अंशांच्या आत असला की जवळचं घर हेच खरं घर. विचलन ०.६, त्यात ढोबळ केल्याची थोडी भर पडून ०.६२ च्या आसपास. दोन अंश म्हणजे त्याच्या सव्वातीन पट. गाउसियन हिशेबानं हजारात एखादी नोंद चुकेल. दर पंधरा मिनिटांनी नोंद, दिवसाला ९६, म्हणजे दहा-एक दिवसांतून एकदा. निस्तरता येण्यासारखं आहे.

चारानं भागलं तर २ बिट, पण मोकळीक एकच अंश. दहातली एक नोंद चुकेल. सोळानं भागलं तर ४ बिट आणि मोकळीक चार अंश, वळीवसुद्धा बराचसा पचेल. मोह दोन बिटांचा होतो. तो टाळा, कारण इथली चूक साधी नसते. साधं ढोबळीकरण पाव अंशानं चुकतं. इथं घर चुकलं की चारानं भागताना थेट दोन अंशांची उडी, आठानं भागताना चार.

सिद्धान्ताची मर्यादा या आकड्यांसाठी २.०६ बिट निघते आणि आपण ३ वापरतोय. ते जवळजवळ एक बिट कुठं गेलं? त्यातलं पाव बिट प्रत्येक नोंद एकेकटी ढोबळ केल्याची किंमत. कितीही हुशारी केली तरी एकेका नोंदीवर ते परत मिळत नाही. बाकीचं बहुतेक सुरक्षिततेचं. ते परत मिळवायचं असेल तर अनेक नोंदी एकत्र घेऊन चूक-दुरुस्तीच्या कोडचे सिंड्रोम, म्हणजे तपासणीचे बिट, पाठवावे लागतात. प्रधान आणि रामचंद्रन यांनी १९९९ मध्ये हीच वाट दाखवली. आपली 'आठानं भागून बाकी' हे त्याचंच सर्वांत गरीब रूप. शेतातल्या डब्यासाठी मी गरीबच पसंत करतो.

चौथी पायरी: शेतातला डबा

काम चार ओळींचं: माप घ्या, ८ वजा करा, अर्ध्यानं भागून खालच्या पूर्णांकावर आणा, आठानं भागून बाकी ठेवा. २३.३ अंश असेल तर १५.३, भागून ३०.६, घर ३०, बाकी ६. रेडिओवर जाणार ते ११०.

चार ओळींत तीन खड्डे आहेत.

एक, ऋण संख्या. एखाद्या पहाटे ७.८ अंश आले तर घर −१. सी भाषेत −१ ची आठानं भागून बाकी −१ येते, पायथॉनमध्ये ७. डबा सीमध्ये, गच्ची पायथॉनमध्ये. दोघांचं गणित वेगळं. बाकी काढायला भागाकाराचं चिन्ह वापरूच नका, खालचे तीन बिट उचला, म्हणजे दोन्हीकडे ७ येईल.

दोन, पूर्णांक करण्याची पद्धत. सीमध्ये नुसता पूर्णांक केला तर −०.४ चं शून्य होतं, −१ नाही. खाली उतरवणारं फंक्शन मुद्दाम वापरा.

तीन, आणि हा खड्डा सगळ्यात वाईट. डीएस१८बी२० ला वीज मिळाल्यावर मोजण्याआधीच वाचलं तर तो ८५ अंश सांगतो. पूर्ण आकडा पाठवणाऱ्या यंत्रात ८५ दिसला की कुणीही म्हणेल, हे काहीतरी बिघडलंय. आपल्या यंत्रात ८५ म्हणजे घर १५४, बाकी २. गच्चीवर ती बाकी २ एखाद्या छान, पटण्यासारख्या तापमानात उलगडते. बाकीची ही खोड लक्षात ठेवा: ती खोट्याला खऱ्याचे कपडे घालते. म्हणून तपासणी भागाकाराच्या आधी, शेतातच झाली पाहिजे. ८५ आला, सेन्सरशी संपर्क तुटल्यावर दिसणारा −१२७ आला, मागच्या नोंदीपेक्षा दहा अंशांची उडी आली, तर ती नोंद टाका, आधीची चांगली नोंद पुन्हा घाला आणि दिवसातल्या खराब नोंदी किती ते एका वेगळ्या बाइटमध्ये मोजत राहा.

पाचवी पायरी: गच्चीवर उलगडणं

बाकी ६ आली. उमेदवार घरं: ६, १४, २२, ३०, ३८, ४६, ५४, ६२. त्यांचे मध्य: ११.२५, १५.२५, १९.२५, २३.२५, २७.२५, ३१.२५, ३५.२५, ३९.२५. गच्चीवर त्या क्षणी २५.१ होते, त्या तासाचा फरक −१.४, अंदाज २३.७. जवळचा उमेदवार २३.२५. झालं.

पुष्कळ जण इथं थांबतात आणि घराचा मध्य लिहून मोकळे होतात. साइड इन्फर्मेशनचं अर्धंच काम झालेलं असतं तेव्हा. तिनं घर निवडायला मदत केली. आता घराच्या आत कुठं, हेही तिला विचारा. घर २३.० ते २३.५, अंदाज २३.७, म्हणजे खरं माप मध्याच्या किंचित वर असण्याची शक्यता जास्त. पायरी विचलनापेक्षा लहान असेल तर किती सरकायचं त्याचं सूत्र सोपं आहे: पायरीच्या वर्गाचा बारावा भाग, भागिले विचलनाचा वर्ग, गुणिले अंदाज आणि मध्य यांतलं अंतर. इथं उत्तर ०.०२६ येतं, म्हणजे २३.२८.

एवढ्यासाठी कोण करतंय, असं वाटेल. पायरी अर्ध्या अंशाची आहे तोवर बरोबर आहे. पण पायरी दोन अंशांची करून बघा. घर २२ ते २४, मध्य २३.०. अंदाज २३.७. दोन्ही धरून सरासरी काढली तर २३.४. खरं माप २३.३. पाठवलेले बिट जितके कमी, तितकं हाताशी असलेल्या माहितीचं वजन वाढत जातं, आणि मध्य लिहून मोकळं होणं तितकं महागात पडतं.

सहावी पायरी: चूक झाली ते कळावं कसं

समजा अंदाज २३.७ ऐवजी २५.६ निघाला. २७.२५ हा १.६५ वर, २३.२५ हा २.३५ वर. यंत्र निमूटपणे २७.२५ लिहील. कुठंही लाल दिवा लागणार नाही.

म्हणून प्रत्येक १६ नोंदींमागे एक बाइटचा सीआरसी, म्हणजे आकड्यांवरून काढलेला तपासणीचा आकडा, पाठवा. तो बाकीवर नका काढू. बाकी तर आपण पाठवतोच आहोत. भागाकारावर काढा, जो आपण पाठवत नाही. गच्चीवर घरं ठरली की भागाकार निघतात, त्यांचा सीआरसी ताडून बघा. १६ पैकी एकच घर चुकलं असेल तर आठ बिटांचा सीआरसी ते नक्की पकडतो. मग ज्या नोंदीचा अंदाज दोन उमेदवारांच्या मधोमध लटकत होता ती शोधा, तिला दुसरा उमेदवार द्या, पुन्हा ताडा. बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात जुळतं. तीन-चार संशयितांपलीकडे जाऊ नका. खूप जोड्या करून बघितल्या तर २५६ त एखादी चुकीची जोडीसुद्धा योगायोगानं जुळते.

दर सोळावी नोंद पूर्ण ६ बिटांनी पाठवा. गच्चीचा सेन्सर बिघडला, लाइट गेली, तर निदान चार तासांनी एक खुंटी हाती लागते. साइड इन्फर्मेशन कधी असेल, कधी नसेल, हा प्रश्न हीगार्ड आणि बर्गर यांनी १९८५ मध्येच सोडवायला घेतला होता. आपल्याकडं त्याचं भाषांतर 'लाइट गेली' एवढंच.

सातवी पायरी: पाकीट

इथं उत्साह थोडा उतरतो. लोरावान, म्हणजे कमी विजेत लांब जाणारी रेडिओची पद्धत, तिच्या प्रत्येक पाकिटाला स्वतःचे निदान १३ बाइट लागतात. १६ नोंदींचं पाकीट केलं तर जुन्या पद्धतीनं १२ बाइट, नव्या पद्धतीनं खुंटी आणि सीआरसीसकट ८. तिसरा हिस्सा वाचला असं वाटतं. वेष्टनासकट मोजा: २५ विरुद्ध २१. जेमतेम सहावा हिस्सा.

खरा फायदा दिवसाचं एकच पाकीट केलं की दिसतो. लोरावानच्या भारतासाठीच्या ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, सर्वांत संथ आणि सर्वांत लांब जाणाऱ्या वेगाला, एका पाकिटात ५१ बाइट मावतात. ९६ नोंदी पूर्ण पाठवल्या तर ७२ बाइट, दोन पाकिटं. आपले ९० नोंदींचे ३-३ बिट, सहा खुंट्यांचे ६-६, मिळून ३०६ बिट. सहा सीआरसी, एक खराब नोंदींचा बाइट. एकूण ४६ बाइट. एका पाकिटात बसलं. किंमत एवढीच की कालचं तापमान आज कळतं. भातावरच्या करप्याचा अंदाज बांधायला ते चालतं, पॉलिहाउसचा पंखा चालू करायला चालणार नाही.

डेल्टा का नको

हा प्रश्न उद्यमबागेतल्या एका मित्रानं विचारला आणि तो बरोबर होता. मागच्या नोंदीपासूनचा फरक तेवढा पाठवला तरी पंधरा मिनिटांच्या मापाला तीन बिट पुरतात. मग एवढी भागाकार-बाकी कशाला? माझा सल्ला: आधी डेल्टा करून बघा. भागलं तर हा लेख इथंच सोडा.

मला बाकी बरी वाटते ती दोन कारणांनी. डेल्टामध्ये एक नोंद बिघडली की तिच्यानंतरची सगळी रांग बिघडते. बाकीमध्ये प्रत्येक नोंद आपल्या पायावर उभी. आणि दुसरं, मोठं कारण. डेल्टामध्ये अंदाज बांधण्याचं शहाणपण शेतातल्या डब्यात कायमचं बंद होतं. इथं ते सगळं गच्चीवर आहे. डब्याला एकच गोष्ट माहीत आहे, पलीकडचा दोन अंशांपेक्षा जास्त चुकत नाही. तो अंदाज कशावरून बांधतो याच्याशी डब्याला कर्तव्य नाही. उद्या गच्चीच्या जोडीला मागची उलगडलेली नोंद घेतली, अनगोळात दुसऱ्या कुणाच्या छतावर तिसरं तापमापक बसवलं, तर अंदाज सुधारतो आणि चिखल तुडवत शेतात जाऊन डब्याचा प्रोग्रॅम बदलावा लागत नाही.

कुठं वापरू नये

पावसाला नको. घाटमाथ्यावर कणकुंबीला धो धो कोसळत असतो तेव्हा पूर्वेला सौंदत्तीकडे ऊन असतं. सह्याद्रीपासून पूर्वेला सरकलं की पाऊस झपाट्यानं उतरतो. एकाचा दुसऱ्याला काही आधार नाही. खानापूरच्या आतल्या दोन जवळच्या ठिकाणांमध्येही थेंबांची गणितं जुळत नाहीत.

नदीच्या पातळीला मात्र छान जमतं, फक्त वेळ सरकवून. चिकोडी-निपाणीकडची माणसं पावसाळ्यात कृष्णेवर वरच्या बाजूला असलेल्या राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग ऐकतात आणि कल्लोळ-यडूरचा बंधारा कधी पाण्याखाली जाईल ते सांगतात. ती साइड इन्फर्मेशनच आहे, काही तास आधी आलेली. तिथं पहिल्या पायरीत वजाबाकी करण्याआधी किती तास सरकवल्यावर अंतर सर्वांत कमी होतं ते शोधा. हा उशीर पाणी जास्त असताना आणि कमी असताना एकच नसतो, तेव्हा पुराच्या दिवसांचं कोष्टक वेगळं ठेवा.

शेवटची सूचना डिस्कबद्दल. उलगडलेली तापमानं साठवून आलेली बाकी फेकून देऊ नका. ४६ बाइटचं मूळ पाकीट जसंच्या तसं ठेवा, वर्षाचे सतरा किलोबाइटसुद्धा होत नाहीत. माझ्याकडं मे महिन्यातल्या वळवाच्या एका दिवसाचे दोन गट सीआरसीला जुळत नव्हते, म्हणून त्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. नंतर गच्चीच्या जोडीला मागची नोंद घेऊन तीच जुनी पाकिटं पुन्हा उलगडली. एक गट जुळला. दुसरा अजून कोराच आहे.